सीए रिपोर्ट हातात आला की काय बघायचं: निर्दोष माणूस आत आहे त्याच्या घरच्यांसाठी

मी वकील नाही हे आधीच सांगतो, मी जालना जिल्ह्यात शाळेवर विज्ञान शिकवतो. माझा मावसभाऊ खुनाच्या केसमध्ये सहा वर्षं हर्सूल जेलला होता, सेशन कोर्टानं जन्मठेप दिली होती आणि नंतर हायकोर्टाच्या खंडपीठातून तो निर्दोष सुटला. त्या सहा वर्षांत एवढे कागद वाचले, एवढ्या तारखा केल्या की आता आसपासच्या गावातली माणसं माझ्याकडं येतात, कोणाचा पोरगा आत, कोणाचा दीर, आणि सगळे एकच विचारायलेत, सर आता आम्ही नेमकं करायचं काय. म्हणून एकदा सगळं लिहून काढतो. वकील लागणारच, पण वकिलाकडं शंभर फायली असतात आणि तुमच्याकडं एकच, त्यामुळं कागद तुम्ही स्वतः वाचायचे.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. आपल्याला वाटतं सीए रिपोर्ट, म्हणजे रक्त-विष तपासणाऱ्या सरकारी लॅबचा रिपोर्ट, आपल्या बाजूनं आलाय म्हणजे जजसाहेब तो बघतील आणि सोडून देतील. तसं होत नाही. रिपोर्टला निशाणी नंबर पडतो, तो फाईलला लागतो, आणि कोणी उलटतपासात त्यातल्या ओळीवर बोट ठेवून प्रश्न विचारला नाही तर तो तसाच पडून राहतो. आणि उलटं पण आहे, रिपोर्ट विरुद्ध आला की घरचे खचतात, संपलं म्हणतात, आणि त्यात खरंच काय लिहिलंय हे कोणी बघतच नाही.

मावसभावाचंच सांगतो. बांधावरून वाद होता हे खरं. ज्या रात्री तो शेजारी मार खाऊन शिवारात पडला त्या रात्री याच मावसभावानं त्याला उचलून पिकअपमध्ये टाकलं आणि दवाखान्यात नेलं, तिथं तो वारला. तिसऱ्या दिवशी पोलिसांनी ह्यालाच उचललं, आणि कडब्याच्या गंजीतून कुऱ्हाड काढून दिली असा पंचनामा झाला. कुऱ्हाडीवर माणसाचं रक्त, शर्टावर बी गटाचं रक्त. एक साक्षीदार म्हणाला की मी बघितलं, ह्यानं कुऱ्हाडीच्या धारेनं डोक्यात दोन घाव घातले. झालं, जन्मठेप. आणि पीएम रिपोर्टमध्ये, म्हणजे शवविच्छेदनाच्या अहवालात, दोन्ही जखमांपुढं डॉक्टरनं सीएलडब्ल्यू लिहिलं होतं, म्हणजे ठेचून फाटलेली जखम, कडा वेड्यावाकड्या. कुऱ्हाडीच्या धारेची जखम सहसा अशी नसते, ती कापलेली असते, कडा साफ असतात, हे ऊस तोडणारं पोरगं पण सांगेल. पण आमच्या तेव्हाच्या वकिलानं पीएम रिपोर्ट कोर्टात कबूल करून टाकला होता, त्यामुळं डॉक्टर साक्षीला आलाच नाही, आणि हा प्रश्न कोणी कोणाला विचारलाच नाही. निकालपत्रात पीएम रिपोर्टबद्दल एक ओळ आहे, मृत्यू डोक्याच्या दुखापतीनं झाला, बस.

त्यामुळं पहिलं काम कागद गोळा करणं. चार्जशीट म्हणजे दोषारोपपत्राची पूर्ण प्रत आरोपीला फुकट मिळते, तो हक्क आहे, नव्या कायद्यात म्हणजे बीएनएसएसमध्ये (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) कलम २३०, जुन्या सीआरपीसीत (फौजदारी प्रक्रिया संहिता) २०७. (१ जुलै २०२४ पासून नवे कायदे आले, त्याच्या आधीच्या केसेस बऱ्याच जागी जुन्याच कलमांनी चालल्यात, म्हणून वकील दोन दोन नंबर बोलतात, घाबरू नका.) पानं मोजून घ्या, यादीप्रमाणं आहेत का बघा. बऱ्याच वेळा सीए रिपोर्ट नंतर येतो, चार्जशीटसोबत नसतो, तो कोर्टात आला की त्याची प्रत वेगळी मागावी लागते. ई-कोर्ट अ‍ॅपवर सीएनआर नंबर (कोर्टानं प्रत्येक केसला दिलेला वेगळा नंबर) टाकून ठेवा, तारीख काय लागली, कोण साक्षीदार झाला ते कळत राहतं. साक्षी चालू झाल्यावर प्रत्येक जबाबाची प्रत लगेच घ्या, शेवटी एकदम घेऊ म्हणून ठेवू नका, कारण पाचव्या साक्षीदाराचा उलटतपास पहिल्याच्या जबाबावर उभा राहतो.

वकिलाला द्यायला पैसे नाहीत म्हणून जमीन गहाण टाकायला निघालेली माणसं मी बघितलीत, आणि त्यांना कोणी सांगितलेलं नसतं की जो माणूस कस्टडीत आहे त्याला उत्पन्न कितीही असो सरकारी खर्चानं वकील मिळतो, विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७, कलम १२. जिल्हा कोर्टाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं, आता बऱ्याच जिल्ह्यात लोक अभिरक्षक म्हणून पूर्णवेळ बचावाचे वकील नेमलेत, हेल्पलाईन १५१०० आहे. फुकटचा वकील म्हणजे बेकार वकील हे डोक्यातून काढा. आमच्या मावसभावाला सोडवणारी बाई विधी सेवेतूनच मिळाली होती, खंडपीठात, आणि तिनं पहिल्या भेटीत पहिलं पान उघडलं ते पीएम रिपोर्टचं.

आता वही. दोनशे पानी वही घ्या आणि तारखांचा तक्ता करा, माझ्या मते सगळ्यात कामाचं काम हेच आहे आणि ह्याला वकील लागत नाही. प्रत्येक वस्तूसाठी, कुऱ्हाड, शर्ट, रक्ताची माती, रक्ताचा नमुना, एकेक पान. त्या पानावर लिहायचं की जप्ती कोणत्या तारखेला किती वाजता, पंच कोण, लाखेचं सील लावल्याचं पंचनाम्यात लिहिलंय का, पोलीस स्टेशनात मुद्देमाल रजिस्टरला नोंद कधी, लॅबला पाठवल्याच्या पत्राची तारीख, घेऊन जाणाऱ्या शिपायाचं नाव, लॅबला मिळाल्याची तारीख, सील शाबूत होतं असं रिपोर्टात आहे का, तपासणी कधी झाली, रिपोर्ट कधी आला. मग बघा कुठं भोक आहे. आमची कुऱ्हाड जप्त झाली आणि तेवीस दिवसांनी लॅबला गेली. ते तेवीस दिवस ती कुठं होती त्याचा एकही कागद नाही, मुद्देमाल कारकुनाची साक्ष नाही, घेऊन गेलेल्या शिपायाची साक्ष नाही, आणि जप्ती पंचनाम्यात कुऱ्हाड वर्तमानपत्रात गुंडाळली एवढंच आहे, सीलचा शब्दच नाही. रिपोर्टात मात्र "सील शाबूत". मग ते सील लावलं कोणी आणि कधी? हा प्रश्न मी वहीत लाल पेननं लिहिला होता, वकीलबाईंनी तो जसाच्या तसा अपिलात टाकला.

ह्याला चेन ऑफ कस्टडी म्हणतात आणि सुप्रीम कोर्ट आता ह्याबद्दल लई कडक झालंय. ठाणे जिल्ह्यातल्या २०१० च्या एका लहान मुलीच्या खुनाच्या केसमध्ये फाशी झालेल्या माणसाला मे २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टानं सोडलं, डीएनए रिपोर्ट त्याच्या विरुद्ध असताना, कारण नमुने पाठवायला उशीर का झाला, मधल्या काळात ते कुठं होते हे सरकारी पक्षाला सांगता आलं नाही. त्या माणसाला मराठी येत नव्हतं आणि त्याचं निवेदन मराठीत लिहिलेलं होतं, हे पण कोर्टानं बघितलं. आणि १५ जुलै २०२५ च्या तामिळनाडूच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टानं सगळ्या देशासाठी सांगितलं की डीएनएचे नमुने ४८ तासांच्या आत लॅबला पोचले पाहिजेत, उशीर झाला तर कारण लिहा, ट्रायल कोर्टाच्या परवानगीशिवाय पाकीट परत उघडायचं नाही, आणि निकाल लागेपर्यंत चेन ऑफ कस्टडीचं रजिस्टर ठेवायचं. तुमच्या केसमध्ये डीएनए असेल तर ते रजिस्टर मागणारा अर्ज वकिलाला द्यायला सांगा.

आता रिपोर्ट कसा वाचायचा. सीए म्हणजे केमिकल अ‍ॅनालायझर, न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेचा रिपोर्ट, आपल्याकडच्या केसेस बहुतेक संभाजीनगर नाहीतर नांदेडच्या लॅबला जातात. रिपोर्ट इंग्रजीत असतो, एकदोन पानाचा, आणि निष्कर्ष शेवटी चार ओळीत. त्या चार ओळींचे शब्द मोजून वाचा. "मानवी रक्त" म्हणजे फक्त माणसाचं रक्त, कोणत्या माणसाचं ते नाही. "गट अनिर्णित" म्हणजे लॅबला गट सांगता आला नाही, मग ते मयताचंच रक्त हे कोणी कशावरून म्हणतं? "गट बी" म्हणजे बी गट, आपल्या भागात साधारण तिघातल्या एकाचा बी गट असतो, माझ्या वर्गात पोरांचे गट काढले तरी दिसतं. मयताचा गट बी आणि आरोपीचा पण बी असेल तर शर्टावरच्या त्या डागाचा काय अर्थ राहिला. आमच्या केसमध्ये मावसभावाचा स्वतःचा गट बी आहे, आणि त्याच्या रक्ताच्या नमुन्याचा रिपोर्ट फाईलला होता, वेगळ्या पानावर, चौथ्या क्रमांकाला, आणि खालच्या कोर्टाच्या निकालात त्याचा उल्लेख नाही. शिवाय त्यानं जखमी माणसाला उचललं होतं, दवाखान्याच्या रजिस्टरला आणणाऱ्याचं नाव म्हणून ह्याचंच नाव आहे, म्हणजे शर्टावर रक्त नसतं तर उलट नवल झालं असतं.

"सारखे आढळले", "जुळते", "शक्यता नाकारता येत नाही" असे शब्द दिसले की थांबा. केस सारखे दिसले म्हणजे ते त्याच माणसाचे असं होत नाही. अमेरिकेत एफबीआयनं स्वतःच आपल्या तज्ज्ञांच्या जुन्या साक्षी तपासल्या, २०१५ ला बाहेर आलं की आरोपीविरुद्ध केसांची साक्ष दिलेल्या २६८ खटल्यांपैकी ९५ टक्क्यांहून जास्त खटल्यांत तज्ज्ञांनी विज्ञान सांगतं त्याच्यापेक्षा जास्त सांगितलं होतं. तज्ज्ञ खोटं बोलत होते असं नाही, "सारखे" ह्या शब्दाला कोर्टात "त्याचेच" हा अर्थ आला. डीएनएचा रिपोर्ट असला तरी तोच नियम, निष्कर्षाच्या पानावर थांबू नका, कोणत्या लोकसवर (डीएनएवरची तपासलेली ठराविक जागा) काय आलं त्याचा तक्ता आणि ग्राफ सोबत आहे का बघा, नसेल तर मागा. दिल्लीच्या छावला केसमध्ये, एका तरुणीवरच्या अत्याचार आणि खुनाच्या, तिघांची फाशी नोव्हेंबर २०२२ ला सुप्रीम कोर्टानं रद्द केली तेव्हा एक मुद्दा हाच होता की डीएनएचा निष्कर्ष कशाच्या आधारावर काढला, पद्धत विश्वासार्ह वापरली का, हे खालच्या दोन्ही कोर्टांनी तपासलंच नाही.

पीएम रिपोर्ट सोबत घेऊन बसा, आणि एका कागदावर दोन रकाने करा, डावीकडं साक्षीदार काय म्हणतो, उजवीकडं शरीर काय म्हणतं. हत्यार कोणतं, घाव किती, कोणत्या बाजूनं, किती वाजता. गळफासाच्या केसमध्ये वळ बघा, लटकून घेतलेल्या फाशीत वळ सहसा तिरका, हनुवटीच्या जवळून वर जाणारा आणि गळ्याभोवती अपुरा असतो, दुसऱ्यानं दोरीनं आवळलं तर सहसा आडवा, खाली आणि पूर्ण फिरलेला असतो, अपवाद असतात पण डॉक्टरला विचारायचा प्रश्न इथून सुरू होतो. मृत्यूच्या वेळेबद्दल तर आपल्याकडं फार हलगर्जीपणा होतो. अंग ताठर होणं उन्हाळ्यात लवकर सुरू होतं आणि लवकर संपतं, कुजणं तर दुप्पट वेगानं, मे महिन्यात आपल्याकडं बेचाळीस-त्रेचाळीस अंश असतं, आणि पुस्तकातले तास थंड देशातले. त्यामुळं कोणी तासाच्या हिशोबात "रात्री अकरा वाजता" म्हणून छातीठोक सांगत असेल तर कशावरून, प्रेत कुठं ठेवलं होतं, शवागार होतं का पत्र्याखाली पडून होतं, हे सगळं विचारायचं. पोटातल्या जेवणावरून वेळ काढणं तर आणखी कच्चं.

विषाच्या केसेस आपल्या भागात फार. कापसाच्या, सोयाबीनच्या फवारणीचं औषध प्रत्येक घरात असतं, आणि सून वारली की सासरचे आत जातात, त्यात खरे गुन्हेगार असतात आणि निर्दोष पण असतात, आणि दोन्हीचा फैसला व्हिसेऱ्यावरच, म्हणजे तपासणीला काढून ठेवलेल्या पोटातल्या अवयवांवरच, व्हायला पाहिजे. इथं सगळ्या देशाचा कायदा ज्या खटल्यानं ठरवला त्यातली मुलगी आपल्या बीडच्या माहेरची होती. सारडा खटला. १९८२ ला पुण्यात सासरी सायनाईडनं तिचा मृत्यू झाला, सेशन कोर्टानं नवऱ्याला फाशी दिली, हायकोर्टानं कायम केली, आणि १९८४ ला सुप्रीम कोर्टानं त्याला निर्दोष सोडलं. आजही परिस्थितीजन्य पुराव्याच्या प्रत्येक केसमध्ये वकील त्यातली पाच तत्त्वं वाचून दाखवतात. विषाच्या केससाठी त्यात चार गोष्टी सांगितल्यात: आरोपीला विष द्यायचं ठोस कारण होतं, मृत्यू विषानंच झाला, ते विष आरोपीच्या ताब्यात होतं, आणि ते द्यायची संधी त्याला होती. तुमच्या केसला ह्या चारीत एकेक टिक लावून बघा. व्हिसेरा रिपोर्टात कोणतं विष निघालं आणि घरातून जप्त झालेल्या बाटलीत कोणतं होतं, हे दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवून नाव मिळवून बघा, कितीतरी वेळा ही साधी गोष्ट झालेली नसते. साप चावल्याची शंका असेल तर हे लक्षात ठेवा की नेहमीच्या व्हिसेरा तपासणीत सापाचं विष सापडत नाही, म्हणून "विष आढळलं नाही" वर विसंबून राहू नका, चाव्याची खूण, सूज, दवाखान्यातली लक्षणं ह्याचे कागद शोधा.

हे सगळं सापडलं की ते रेकॉर्डवर आणायचं, आणि इथं मुदत आहे. सरकारी तज्ज्ञाचा रिपोर्ट तज्ज्ञाला न बोलावता पुरावा म्हणून वाचता येतो, बीएनएसएस कलम ३२९, जुनं २९३. आणि नव्या कलम ३३० मध्ये आणखी एक गोष्ट आलीय जी लोकांना माहीत नाही: कागद खरे आहेत का नाही हे तुम्ही प्रत मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत सांगायचं, आणि कोणत्याच पक्षानं रिपोर्टला हरकत घेतली नाही तर तज्ज्ञाला बोलावायचं नाही. म्हणजे तुम्ही गप्प बसलात किंवा तुमच्या वकिलानं वेळ वाचवायला कबूल म्हणून सही केली तर डॉक्टर येणार नाही, सीए येणार नाही, आणि आमच्यासारखं होईल. मुदत वाढवून देणं कोर्टाच्या हातात आहे पण त्याच्यावर अवलंबून राहू नका. वकिलाला लेखी सांगा, पीएम आणि सीए रिपोर्टला आमची हरकत आहे, तज्ज्ञाला उलटतपासाला बोलवा. साक्ष होऊन गेली असेल तर साक्षीदार परत बोलवायचा अर्ज असतो, कलम ३४८, जुनं ३११, निकालाच्या आधी कधीही. प्रश्न लहान ठेवायचे. डॉक्टरसाहेब ही जखम धारदार बाजूनं होईल का, हो का नाही. सीएसाहेब ह्या रिपोर्टवरून हे रक्त मयताचंच असं तुम्ही सांगू शकता का, हो का नाही.

आरोपीच्या जबाबाचा दिवस, ज्याला अजून सगळे तीनशे तेराचा जबाब म्हणतात, नवा नंबर ३५१, तो वाया घालवू नका. कोर्ट एकेक पुरावा सांगून विचारतं, तुमचं काय म्हणणं आहे, आणि आपली माणसं घाबरून सगळ्याला "खोटं आहे" म्हणतात. मावसभाऊ पण तेच म्हणाला, चाळीस वेळा. शर्टावरच्या रक्ताचा प्रश्न आला तेव्हा "मी त्याला उचलून दवाखान्यात नेलं" एवढं वाक्य म्हणायला पाहिजे होतं, आणि दवाखान्याच्या रजिस्टरचा माणूस बचावाचा साक्षीदार म्हणून बोलवायला पाहिजे होता. जेलमध्ये मुलाखतीला जाल तेव्हा आधीच बसून त्याच्याशी हे बोला. आणि कोणत्या पुराव्याबद्दल त्याला विचारलंच नाही ते पण लिहून ठेवा, अपिलात कामाला येतं.

पोलिसांसमोरचा कबुलीजबाब पुरावा नाही, हे सगळ्यांना ऐकून माहीत असतं, पण "त्यानं वस्तू काढून दिली" एवढा भाग घेता येतो, आणि सगळा खेळ तिथं होतो. पंच कोण होते बघा, तेच पंच त्या स्टेशनच्या दुसऱ्या केसेसमध्ये पण आहेत का, जागा उघडी होती का, पोलिसांना ती जागा आधीच माहीत होती का. नव्या कायद्यात जप्तीचं व्हिडिओ शूटिंग करायचं आहे, कलम १०५, आणि सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिकच्या माणसानं घटनास्थळी यायचं आहे, कलम १७६(३), राज्यांना त्यासाठी वेळ दिलाय पण व्हिडिओ मागायला काही हरकत नाही. गुजरातच्या अक्षरधाम मंदिरावरच्या हल्ल्याच्या केसमध्ये हल्लेखोरांच्या खिशात दोन चिठ्ठ्या सापडल्याचं दाखवलं होतं, पँट रक्तानं मातीनं भरलेल्या आणि गोळ्यांची भोकं, आणि चिठ्ठ्यांवर एक डाग नाही, घडी सुद्धा चुरगळलेली नाही. खालच्या दोन कोर्टांनी ते मानलं होतं, माणसं दहा वर्षांच्या वर आत होती, सुप्रीम कोर्टानं मे २०१४ ला सहाही जणांना सोडलं. डोळ्यानं दिसणारी गोष्ट होती, त्याला लॅब पण लागत नव्हती. म्हणून मुद्देमाल कोर्टात उघडतात त्या दिवशी तुम्ही हजर राहा आणि नीट बघा.

विज्ञानाच्या नावानं येणारं सगळंच विज्ञान नसतं हे पण सांगतो. पुण्याच्या कोर्टानं २००८ ला एका खुनाच्या केसमध्ये मेंदूच्या लहरींच्या टेस्टचा आधार घेऊन जन्मठेप दिली होती, आणि त्याच वर्षी तज्ज्ञांच्या समितीनं ही पद्धत शास्त्रीय नाही असं सांगितलं. २०१० ला सेल्वी खटल्यात सुप्रीम कोर्टानं ठरवलं की नार्को, पॉलिग्राफ, ब्रेन मॅपिंग माणसाच्या संमतीशिवाय करता येत नाही. कोणी घरच्यांना म्हणलं की "निर्दोष आहे ना, मग टेस्टला हो म्हणा" तर वकिलाशी बोलल्याशिवाय काहीच कबूल करू नका.

आणि आकडे. एखादा मोठा डॉक्टर आकडा सांगतो आणि सगळं कोर्ट गप्प होतं. इंग्लंडमध्ये सॅली क्लार्क नावाच्या आईची दोन बाळं अचानक वारली, तिला १९९९ ला जन्मठेप झाली, तज्ज्ञानं सांगितलं की एकाच घरात असं दोनदा होण्याची शक्यता सात कोटी तीस लाखात एक. त्यानं ८,५४३ ला ८,५४३ नं गुणलं होतं. दहावीच्या पोराला मी शिकवतो की दोन घटना एकमेकींपासून स्वतंत्र असतील तरच गुणाकार करायचा, आणि भावाभावांचं रक्त, घर, हवा सगळं एक, स्वतंत्र कुठून? तिथल्या संख्याशास्त्रज्ञांच्या सोसायटीनं २००१ ला जाहीर पत्रक काढून चूक दाखवली, तरी ती सुटली २००३ ला, आणि तेही बाळाच्या जंतूंच्या तपासणीचा दडलेला रिपोर्ट सापडल्यावर. २००७ ला ती वारली. ऑस्ट्रेलियात कॅथलीन फोल्बिगला चार मुलांच्या मृत्यूसाठी २००३ ला शिक्षा झाली, मुख्य पुरावा तिची डायरी. नंतर शास्त्रज्ञांना तिच्या दोन मुलींमध्ये हृदय बंद पाडू शकणारा जनुकातला बदल सापडला, सीएएलएम२ म्हणतात त्या जनुकात. २०१९ च्या चौकशीनं ते ऐकलं, आणि डायरीलाच धरून बसले. नव्वद शास्त्रज्ञांनी अर्ज केला, दुसरी चौकशी झाली, जून २०२३ ला ती सुटली, वीस वर्षांनी. म्हणून सांगतो, पुरावा आहे एवढ्यानं भागत नाही, तो परत परत, वेगवेगळ्या दारात नेऊन ठेवावा लागतो.

शिक्षा झालीच तर. निकालाची प्रत आरोपीला फुकट मिळते, त्याच दिवशी मागा. सेशन कोर्टाच्या शिक्षेवर हायकोर्टात अपील ६० दिवसांत, फाशी असेल तर ३०, उशीर झाला तर माफीचा अर्ज असतो, पण कशाला उशीर करायचा. वकील नसेल तरी आतला माणूस जेलरमार्फत अपील पाठवू शकतो. अपिलासोबत शिक्षा स्थगित करून जामीन मागायचा अर्ज, कलम ४३०, जुनं ३८९. खालच्या कोर्टात एखादी तपासणी राहून गेली असेल, तज्ज्ञ आलाच नसेल, तर अपिलात पण जादा पुरावा घेता येतो, कलम ४३२, जुनं ३९१, फक्त हे आपण मागितलं तरच. आणि मुद्देमाल नष्ट करू नये असा अर्ज शिक्षा झाल्या झाल्या द्या, कारण पुढं डीएनए करायचं म्हणलं तर शर्टच शिल्लक नसतो.

वयाची एक गोष्ट. ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या, भटक्या समाजाच्या पोरांच्या जन्माची नोंद नसते, गुरुजींनी शाळेत घालताना १ जून टाकलेला असतो, आणि पोलीस अंदाजानं एकोणीस-वीस लिहितात. गुन्ह्याच्या दिवशी अठरा पूर्ण नव्हते हा मुद्दा कधीही काढता येतो, सुप्रीम कोर्टाचा निकाल लागल्यावर सुद्धा. आधी शाळेचा दाखला, मग जन्मनोंद, आणि दोन्ही नसेल तरच हाडांची तपासणी, आणि हाडांच्या तपासणीत दोन वर्षं इकडंतिकडं होतं हे धरून चालायचं. नाशिकजवळच्या २००३ च्या केसमध्ये भटक्या जमातीच्या सहा जणांना फाशी झाली होती, सुप्रीम कोर्टानं स्वतः २००९ ला सहाही जणांना फाशी दिली, आणि त्याच सुप्रीम कोर्टानं मार्च २०१९ ला सहाही जणांना निर्दोष सोडलं. साक्षीदार बाईनं घटनेनंतर लगेच पोलिसांच्या फोटो अल्बममधून दुसऱ्याच चौघांना ओळखलं होतं आणि तो कागद दाबला गेला होता. त्या सहात एक जण गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता. त्यांना प्रत्येकी पाच लाख रुपये द्यायला कोर्टानं सांगितलं, सोळा वर्षांचे.

"लॅबमध्ये माझी ओळख आहे, रिपोर्ट फिरवून देतो" म्हणणारी माणसं कोर्टाच्या आवारात भेटतील. एक रुपया देऊ नका, साक्षीदाराच्या घरी पण जाऊ नका, खरी केस तिथंच खोटी होते.

सुटल्यावरचं थोडं राहतं. नुकसानभरपाई द्यायचा कायदा आपल्याकडं अजून नाही, विधी आयोगानं ऑगस्ट २०१८ ला २७७ व्या अहवालात तसा कायदा करा म्हणून सांगितलंय, तेवढंच. निकालाच्या चार-पाच प्रमाणित नकला काढून ठेवा, नोकरीला, पासपोर्टला, भाड्यानं घर घ्यायला सुद्धा लागतात. आणि मुद्देमाल परत मागायचा अर्ज द्या, त्यासाठी निकालात काय आदेश आहे ते शेवटच्या पानावर असतं. मावसभावाचा मोबाईल परत मिळाला, बंद पडलेला, आतले पोरीचे लहानपणीचे फोटो एका दुकानदारानं काढून दिले. शर्ट आणि कुऱ्हाड नष्ट करा असा आदेश होता. कुऱ्हाड त्याची नव्हतीच, हे तो पहिल्या दिवसापासून सांगत होता.